वार्धक्य, स्वरयंत्राचा कर्करोग आणि आवाज राखणारी शस्त्रक्रिया : प्रस्तावना

स्वरयंत्र हा मानेच्या पुढच्या भागात, जिभेच्या मुळाखाली आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेला लहानसा अवयव असला, तरी श्वास घेणे, अन्न गिळणे आणि बोलणे ही माणसाची तिन्ही कामे त्याच्यावर अवलंबून असतात. बोलण्याचे काम सर्वांना ठाऊक असते. परंतु शरीराच्या दृष्टीने स्वरयंत्राचे पहिले कर्तव्य राखणीचे आहे. घास किंवा घोट खाली उतरत असताना श्वासमार्ग घट्ट मिटून घेणे आणि चुकून आत गेलेला कण खोकल्याच्या जोरावर बाहेर फेकणे, हे ते कर्तव्य होय. या अवयवात कर्करोग उद्भवला म्हणजे तो काढताना तिन्ही कामांचा प्रश्न एकदमच उभा राहतो आणि रुग्णाने सत्तरी ओलांडलेली असेल तर तो अधिकच बिकट होतो. गाठ पूर्णपणे निघावी, रुग्णाला बोलता यावे, गिळता यावे आणि मानेला श्वासासाठी कायमचे छिद्र ठेवावे लागू नये, या चारही अपेक्षा पुऱ्या करू पाहणाऱ्या शस्त्रक्रियांना आवाज राखणाऱ्या किंवा स्वरयंत्र-संरक्षक शस्त्रक्रिया म्हणतात. वृद्धांच्या बाबतीत त्या कोणावर, केव्हा आणि कोणत्या तयारीने कराव्यात, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. केवळ जन्मतारीख पाहून अशी शस्त्रक्रिया नाकारणे चुकीचे आहे, पण वृद्ध शरीराची नेमकी पारख न करता ती करणे त्याहून घातक आहे, अशी या ग्रंथाची भूमिका आहे.

विषयाच्या आकलनासाठी स्वरयंत्राची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. त्याचे तीन स्तर मानले जातात. मधल्या स्तरात, ज्याला ग्लॉटिस म्हणतात, दोन स्वरतंतू समोरासमोर असतात आणि फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते कंप पावले की ध्वनी उमटतो. वरच्या स्तरात, म्हणजे सुप्राग्लॉटिसमध्ये, एपिग्लॉटिस हा पानाच्या आकाराचा पडदा आणि स्वरतंतूंच्या वरच्या अंगाला असलेल्या दोन घड्या येतात. खालचा स्तर श्वासनलिकेला जाऊन मिळतो. या साऱ्याला कूर्चांचा, म्हणजे हाडापेक्षा लवचीक अशा ऊतींचा, आधार असतो. त्यांतली थायरॉइड कूर्चा पुरुषाच्या गळ्यावर कंठमणी म्हणून दिसते, तिच्याखालची क्रायकॉइड कूर्चा पूर्ण कड्याच्या आकाराची असते आणि या कड्याच्या मागच्या काठावर बसलेल्या दोन चिमुकल्या ॲरिटेनॉइड कूर्चा स्वरतंतूंची उघडझाप घडवून आणतात. रोग कोणत्या स्तरात सुरू झाला यावर पुढचे बरेच काही ठरते. स्वरतंतूंमध्ये लसिकावाहिन्या विरळ असल्यामुळे तिथला कर्करोग मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये उशिरा पसरतो आणि आवाज मात्र लगेच बसत असल्यामुळे तो लवकर ओळखता येतो. अशा सुरुवातीच्या अवस्थेत दहापैकी सुमारे नऊ रुग्णांचा रोग लेझर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने आटोक्यात येतो. वरच्या स्तरात लसिकावाहिन्या दाट असतात, आवाज बराच काळ चांगला राहतो, आणि गिळताना होणारी टोचणी किंवा कानापर्यंत जाणारी कळ अंगावर काढता काढता मानेत गाठ दिसू लागल्यावरच रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतो.

या रोगाचे मुख्य कारण ओढण्याची तंबाखू हे आहे आणि तिच्या जोडीला दारू असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. महाराष्ट्रात सोलापूर, सिन्नर यांसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या विडीचा धंदा चालत आला आहे आणि शेतात किंवा गिरणीत राबलेल्या पुरुषांच्या पिढीला विडीचे व्यसन सर्रास असे. विडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते, त्यामुळे धूर छातीत खोलवर जातो. म्हणूनच स्वरयंत्राचा कर्करोग घेऊन येणारा वृद्ध रुग्ण बहुधा एकटा कर्करोग घेऊन येत नाही. ज्या धुराने त्याच्या स्वरतंतूंवर गाठ उठवली, त्याच धुराने त्याच्या फुप्फुसांची ताकद कमी केलेली असते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्याही अरुंद केलेल्या असतात. शस्त्रक्रियेनंतर आवाज टिकवण्याचा भार याच फुप्फुसांवर पडणार असतो, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील सर्व विवेचनाचा धागा हाती लागतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास हा जीव आणि आवाज यांच्यातील ओढाताणीचा इतिहास आहे. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती निरीक्षणे मांडली गेल्यावर स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहून तपासण्याचे युग सुरू झाले. ३१ डिसेंबर १८७३ रोजी थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नामध्ये कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली आणि त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्रही बनवले. काही महिन्यांत रोग उलटून तो रुग्ण दगावला, तरी काढलेल्या आवाजाची भरपाई करण्याचा विचार पहिल्या शस्त्रक्रियेपासूनच तिच्या सोबत होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जर्मनीचे युवराज फ्रीडरिश यांचा आवाज १८८७ मध्ये बसला, तेव्हा जर्मन डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. ब्रिटिश तज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी यांनी घेतलेल्या तुकड्यांत रुडॉल्फ फिर्खो यांना कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया लांबणीवर पडली. पुढे सम्राट झालेले फ्रीडरिश अवघे ९९ दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजी याच रोगाने मरण पावले. तुकडा कुठून घेतला आणि निर्णय केव्हा घेतला, यावर सारे कसे अवलंबून असते, याचा तो वादग्रस्त प्रसंग आजही दाखला म्हणून दिला जातो.

संपूर्ण स्वरयंत्र काढणे सुरक्षित झाल्यावर शल्यचिकित्सकांचे लक्ष, कमीत कमी काय काढून भागेल, या प्रश्नाकडे वळले. उरुग्वेतील हुस्तो आलोन्सो यांनी १९४७ मध्ये स्वरयंत्राचा फक्त वरचा स्तर आडव्या छेदाने काढण्याची पद्धत मांडली. तिच्यात खरे स्वरतंतू जागेवर राहत असल्यामुळे आवाज जवळपास पूर्वीसारखा राहतो. १९५९ मध्ये मायर आणि रीडर यांनी ऑस्ट्रियात आणि पुढे १९७० च्या दशकात फ्रेंच शल्यचिकित्सकांनी याहून धाडसी मार्ग विकसित केला. त्यात दोन्ही स्वरतंतू आणि पूर्ण थायरॉइड कूर्चा काढून खालचे क्रायकॉइडचे कडे वर ओढून थेट जिभेखालच्या हायॉइड हाडाशी टाक्यांनी बांधले जाते. या पद्धतीने एक मूलभूत तत्त्व सिद्ध केले. बोलण्यासाठी आणि गिळण्यासाठी स्वरतंतूंपेक्षाही क्रायकॉइडचे कडे आणि त्यावर हलणारी किमान एक ॲरिटेनॉइड कूर्चा, तिच्या स्नायू आणि मज्जातंतूंसह, शाबूत असणे अधिक आवश्यक असते. ही जोडी जिभेच्या मुळाला टेकून श्वासमार्ग मिटवू शकते आणि तिच्या कंपनातून खरखरीत, काहीसा हवा सुटणारा, पण समजण्याजोगा आवाज निघतो. सुरुवातीला श्वासासाठी मानेत तात्पुरते छिद्र, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी, आणि अन्नासाठी नाकातून नळी ठेवावी लागते. गिळणे जमू लागले की दोन्ही काढता येतात.

तिसरा टप्पा लेझरचा. १९७२ मध्ये बोस्टन येथे स्ट्राँग आणि याको यांनी कार्बन डाय-ऑक्साइड लेझरचा स्वरयंत्रावर उपयोग केल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत जर्मनीतील वोल्फगांग श्टायनर यांनी तोंडावाटे, सूक्ष्मदर्शकाखाली, मोठ्या गाठीही काढता येतात हे दाखवले. गाठीला मध्येच छेद देऊन ती किती खोल गेली आहे ते डोळ्यांनी पाहायचे आणि मग तेवढाच भाग तुकड्यातुकड्याने काढायचा, ही त्यांची रीत गाठीला छेद देऊ नये या जुन्या नियमाच्या विरुद्ध असल्यामुळे सुरुवातीला तिला विरोध झाला. वृद्धांच्या दृष्टीने मात्र ती मोठी सोय ठरली, कारण मानेवर चीर नसते, बहुतेकांना ट्रॅकिऑस्टॉमी लागत नाही आणि लहान गाठीचा रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जाऊ शकतो. तरी या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तोंडातून सरळ नळी घालून स्वरयंत्र पूर्ण दिसायला हवे. मानेचे मणके झिजून ताठर झालेल्या, मान मागे न झुकणाऱ्या वृद्धात ते कधी कधी दिसतच नाही. भुलीसाठी घातलेल्या नळीला लेझरने आग लागू नये म्हणून खास नळी वापरावी लागते आणि प्राणवायूचे प्रमाण कमी ठेवावे लागते. ज्याची फुप्फुसे आधीच कमकुवत आहेत त्याच्यासाठी हा भूलतज्ज्ञाच्या कौशल्याचा कस असतो.

शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून किरणोपचार आणि रसायनोपचार यांचा विचार केल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३२ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले की, पुढच्या अवस्थेतील रोगातही आधी औषधे आणि मग किरणे दिल्यास दोन वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेइतकेच, म्हणजे ६८ टक्के राहते आणि ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात किरणे आणि औषधे एकाच वेळी दिलेल्या गटात दोन वर्षांनंतर ८८ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र टिकले होते. हे निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी वृद्धांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण डोके व मान यांच्या कर्करोगावरील अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात किरणोपचाराला औषधांची जोड दिल्याचा फायदा वयाबरोबर घटत जातो आणि सत्तरीनंतर तो जवळपास दिसेनासा होतो, असे आढळले आहे. शिवाय टिकलेले स्वरयंत्र काम करते आहे की नाही हा वेगळाच प्रश्न आहे. किरणांनी ताठरलेला, संवेदना हरवलेला घसा जागेवर असूनही घोटाघोटाला ठसका देऊ शकतो. वृद्धाला पाच ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, ज्याला बोलीत ‘लाइट घेणे’ म्हणतात त्या उपचारासाठी गाव सोडून शहरात राहावे लागते, ही अडचणही लहान नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा जो आधार वाटतो, तो याच गरजेतून.

आता मुख्य मुद्द्याकडे वळणे इष्ट ठरेल. स्वरयंत्राचा भाग काढून आवाज राखला, तर राखणीच्या कामात उणीव राहते आणि ती फुप्फुसांना सोसावी लागते. एपिग्लॉटिस गेलेल्या किंवा एकाच ॲरिटेनॉइडवर निभावणाऱ्या रुग्णाच्या श्वासनलिकेत प्रारंभीचे काही आठवडे पाण्याचे थेंब आणि लाळ उतरतच असते. धडधाकट माणूस ते जोराने खोकून बाहेर टाकतो. वृद्धाच्या बाबतीत घशाची संवेदना बोथट झालेली असते, गिळण्याची क्रिया मंदावलेली असते आणि खोकल्यात जोर नसतो, म्हणून तेच थेंब न्यूमोनियाचे कारण होतात. सत्तरीपुढील रुग्णांना पूर्वी अशा शस्त्रक्रियेसाठी सरसकट नकार दिला जाई, तो याच भीतीने. भीती खरी असली तरी तिचे मोजमाप जन्मवर्षाने करणे बरोबर नव्हते. जुन्या शल्यचिकित्सकांची एक साधी चाचणी आजही उपयोगी पडते. रुग्णाला आपल्या पायांनी दोन जिने चढायला सांगायचे. वर पोहोचल्यावर धाप न लागता तो पूर्ण वाक्य बोलू शकला, तर त्याची फुप्फुसे थोडेसे पाणी आत गेले तरी तग धरतील असा अंदाज बांधता येतो, आणि पहिल्याच जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबला, तर त्याचे वय साठ असले तरी सावध व्हावे लागते. फुप्फुसांच्या क्षमतेची यंत्राने होणारी तपासणी या अंदाजाला आकड्यांचा आधार देते.

या पारखीला आता शास्त्रीय रूप आले आहे. जी-८ ही आठ मुद्द्यांची प्रश्नावली वृद्ध कर्करुग्णांसाठी वापरली जाते. भूक, घटलेले वजन, हालचाल, स्मरणशक्ती, औषधांची संख्या, वय, स्वतःच्या प्रकृतीविषयी रुग्णाला काय वाटते, अशा गोष्टींना गुण देऊन १७ पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण मिळाल्यास वार्धक्यतज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी करावी असे ती सुचवते. तपासणीचा हेतू केवळ चाळण लावण्याचा नसून तयारी करून घेण्याचा असतो. विडी पूर्ण सोडणे, प्रथिनांचा आहार वाढवणे, श्वासाचे व्यायाम आणि किडलेले दात काढून तोंड स्वच्छ ठेवणे यांमुळे पुढचा धोका कमी होतो, कारण लाळेबरोबर फुप्फुसात जाणारे जंतू तोंडातूनच जातात. गिळण्याचा सरावही शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू व्हावा. रुग्णाने श्वास घ्यावा, तो रोखून धरावा, श्वास रोखलेला असतानाच घोट गिळावा, गिळून होताच श्वास आत न घेता लगेच खोकावे आणि मग पुन्हा एकदा गिळावे, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडला पाहिजे. पाण्यापेक्षा घट्ट पेज किंवा दाटसर खीर आधी सोपी जाते आणि पातळ चहा-पाणी शेवटी जमते. ज्याची स्मरणशक्ती हा क्रम धरून ठेवू शकत नाही आणि ज्याच्या घरी तो रोज करून घेणारे कोणी नाही, त्याच्यावर उत्तम शस्त्रक्रियाही फोल ठरू शकते.

म्हणूनच काही वृद्धांसाठी संपूर्ण स्वरयंत्र काढणे हाच अधिक सुरक्षित आणि सन्मानाचा मार्ग ठरतो, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. त्यात श्वासाची आणि अन्नाची वाट कायमची वेगळी होत असल्यामुळे ठसक्याचा धोका उरत नाही आणि रुग्ण लवकर पोटभर जेवू लागतो. बोलण्यासाठी १९८० मध्ये सिंगर आणि ब्लोम यांनी मांडलेली, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या भिंतीत बसवली जाणारी एकमार्गी झडप उपलब्ध आहे. परदेशी झडपेची किंमत हजारो रुपयांत जात असल्यामुळे बंगळूरुचे डॉ. विशाल राव यांनी ५० रुपयांच्या आसपास किमतीची ‘ओम’ ही झडप पुढे आणली. मात्र झडप रोज स्वच्छ करायला नजर चांगली लागते आणि हात स्थिर लागतात, याचाही विचार आधीच करावा लागतो.

आवाजाचे मोल ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा या विषयातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३७ निरोगी स्वयंसेवकांना जीव आणि आवाज यांपैकी निवड करण्यास सांगितले असता, सुमारे २० टक्क्यांनी आयुष्य काहीसे कमी झाले तरी चालेल पण आवाज राहावा, असा पर्याय पसंत केला. ते उत्तर निरोगी माणसांचे होते. खेड्यातल्या निरक्षर आजोबांसाठी प्रश्नाचे रूप आणखी वेगळे असते. त्यांना पाटीवर लिहून सांगता येत नाही, आणि त्यांच्या पत्नीलाही वयामुळे कमी ऐकू येत असेल तर ओठांची हालचाल आणि पुटपुटणे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा घरात आवाज जाणे म्हणजे औषध मागण्यापासून व्यवहारावर मत देण्यापर्यंत प्रत्येक बाबतीत दुसऱ्यावर विसंबणे होय. उलट एखाद्या आजीला बोलण्यापेक्षा पंगतीत चारचौघांबरोबर जेवणे अधिक मोलाचे वाटू शकते. परंतु मराठी घरांतून अनेकदा मुले डॉक्टरांना बाजूला घेऊन, बाबांना काही सांगू नका, अशी विनंती करतात आणि ज्याच्या गळ्यावर शस्त्र चालणार त्यालाच निर्णयातून वगळले जाते. ही विनंती मायेपोटी असते, तरी ती मान्य करणे योग्य नाही. ज्याला गिळण्याचा सराव महिनोन्‌महिने करायचा आहे, त्याला तो कशासाठी करायचा हे ठाऊक असलेच पाहिजे.

खर्चाची अडचण पूर्वीइतकी अभेद्य राहिलेली नाही. महाराष्ट्रातील महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे आणि २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांसाठी पात्र ठरवण्यात आले आहे. उणीव आहे ती माणसांची. स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेत मुरलेला शल्यचिकित्सक मोठ्या शहरात मिळतो, पण शस्त्रक्रियेनंतर गिळणे आणि बोलणे शिकवणारे वाचा-उपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी क्वचितच असतात आणि नाकातली नळी घेऊन गावी परतलेला रुग्ण नेमक्या त्याच काळात एकाकी पडतो. आवाज राखणारी शस्त्रक्रिया सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने शस्त्रक्रियागृहाच्या साधनांआधी या मनुष्यबळाची तजवीज करावी, असे या ग्रंथाचे आग्रहाचे सांगणे आहे.

शेवटचा मुद्दा डॉक्टरांपेक्षा घरच्या मंडळींसाठी आहे. वृद्धाच्या वयाचे कारण रुग्णालयात पुढे केले जाण्याच्या कितीतरी आधी ते घरात पुढे केलेले असते. म्हाताऱ्या माणसाचा आवाज बसला की वय झाले, थंडी बाधली, विडीने घसा धरला असे म्हणून हळद-दूध, गुळण्या आणि खोकल्याच्या बाटल्यांत महिने जातात, आणि ज्या गाठीसाठी स्वरतंतूवरचा पातळसा थर काढून भागले असते, तिच्यासाठी पूर्ण स्वरयंत्र द्यावे लागते. म्हातारपणी स्वरतंतू सैल पडून आवाज बारीक होतो हे खरे आहे; पण तो बदल वर्षानुवर्षे हळूहळू होतो, काही आठवड्यांत आवाज घोगरा होत नाही. म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा, विशेषतः ज्याने आयुष्यात कधीही तंबाखू ओढली आहे अशाचा, आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेऊन दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. ही तपासणी बाह्यरुग्ण विभागात, पूर्ण भूल न देता, काही मिनिटांत होते.